अण्णांची धावती कचेरी

डॉक्टरांनी आमच्या अण्णांना, म्हणजे वडिलांना, रोज सकाळी चालायला सांगितलं. चालणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग, असं अण्णांचं मत. म्हणून ते धावायला लागले. धोतराचा काचा मारून, अंगात बंडी, होम मैदानाला फेऱ्या. बहात्तरच्या दुष्काळानंतरचे ते दिवस. सोलापुरात पन्नाशीचा माणूस पळतोय म्हणजे कुठंतरी घासलेट आलंय, असाच लोकांचा समज व्हायचा. सुरुवातीला दोघं-तिघं रिकामे डबे घेऊन त्यांच्या मागं पळालेही.

आमच्या घरात भांडण संपायचं नाही. मराठीतले मुद्दे संपले की माणसं कानडीत शिरायची आणि पहिल्यापासून सुरू करायची. अण्णांच्या लक्षात आलं, की पळताना माणसाला एका वाक्यापुरताच दम उरतो. त्यांनी फर्मान काढलं: ज्याला काही सांगायचंय, त्यानं सकाळी माझ्याबरोबर पळत सांगावं. शेजाऱ्याशी चाललेला भिंतीचा जुना तंटा दीड फेरीत मिटला. आईनं मात्र पळायला साफ नकार दिला. तिच्या तक्रारी तशाच साचत राहिल्या.

मग मामा माझ्या थोरल्या बहिणीसाठी, अक्कासाठी, स्थळ घेऊन आला. विजापूरकडचा बिजवर, तेलाची गिरणी. मामाचं तोंड म्हणजे गावातला एकच न आटणारा नळ. संध्याकाळभर तो बोलला आणि अण्णांची मान होकाराकडे झुकायला लागली. अक्काला कुणी विचारलंच नाही. मला इतका संताप आला की मी जेवले नाही. त्याचीही कुणी दखल घेतली नाही.

"उद्या पळताना सांगा. तिथंच ठरवू," अण्णा म्हणाले.

सकाळी मामा कोट-टोपीत हजर. पहिल्या वळणाला "मुलगा लई" एवढं बाहेर आलं. दुसऱ्या वळणाला "गिरणी". त्यानंतर छातीतून नुसतीच शिट्टी. तेवढ्यात पदर खोचून अक्का मैदानात उतरली. तिच्या मागं मीही पळाले.

"अण्णा, मला हे स्थळ नको," अक्का म्हणाली. अण्णांच्या हिशेबाप्रमाणे तिचं वाक्य संपलं होतं, पण दम संपेना. नवरामुलगा जवळजवळ अण्णांच्याच वयाचा हाय, गणितात राहिलेली मॅट्रिक द्यायचीय, गिरणीशी लग्न करायचं असेल तर मामानंच करावं, हे सगळं ती अख्खी फेरीभर न थांबता बोलली. मामा टोपी हातात घेऊन मातीत बसला होता.

"एवढा... दम... कुठनं आणला?" अण्णांनी विचारलं.

"दुष्काळापासनं खालच्या नळावरनं माडीवर पाणी मीच चढवतेय की. तुमी कधी बघितलं न्हाय व्हय?"

अण्णांनी मामाकडे बघून नकाराचा हात हलवला. स्थळ तिथंच मोडलं.

दुसऱ्या दिवसापासून अण्णांनी मैदान सोडलं आणि कळशी उचलली. अर्ध्या जिन्यात ते धापा टाकत बसायचे. आई वरच्या पायरीवर उभी राहून साचलेल्या तक्रारी एकेक करून सांगायची, आणि अण्णा त्या शेवटपर्यंत ऐकायचे.