कार्ल्याची ठकी कधी बोलणार?

लोणावळ्याला उतरले तेव्हा माझी वळकटी भिजली होती, छत्रीची एक काडी मोडली होती, आणि तरी मी इतकी खुशीत होते की हमालानं दोन शब्द विचारले तर त्याला मी चाळीस ऐकवले. कारणही तसंच होतं. पुण्याच्या एका मुलींच्या शाळेत मी नऊ वर्षं बिगरीचा वर्ग चालवते. त्या उन्हाळ्यात एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मी मिळवून वाचलं होतं. मूल पहिली भाषा शिकतं ते नकलेनं, असं त्यात म्हटलं होतं. एकच शब्द पुन्हा पुन्हा कानावर पडला की तो आपोआप जिभेवर येतो. आता हे करून पाहायला मला एक मूल मिळालं होतं.

कार्ल्याची यमुना ही माझी जुनी विद्यार्थिनी. मी तळेगावच्या शाळेत होते तेव्हा तिला चौथीपर्यंत शिकवलं. तिचं पत्र आलं होतं. मुलगी ठकी अडीच वर्षांची झाली. तांब्या आण म्हटलं की आणते, सगळं समजतं, पण तोंडातून शब्द म्हणून नाही. गावातली पोरं तिला मुकी म्हणू लागली आहेत. ‘एकदा नाव चिकटलं की लग्नापर्यंत सुटत नाही. बाई, तुम्ही या,’ असं शेवटी लिहिलं होतं. वाचून मला फार वाईट वाटलं. आणि खोटं कशाला बोलू, आनंदानं उडी मारावीशीही वाटली.

लोणावळ्यात माझा थोरला भाऊ शाळामास्तर आहे. त्यानं चहाचा पेला पुढे करायच्या आधीच माझं पुस्तक निकालात काढलं.

“शांते, दात यायला कुणी शिकवावं लागतं का? बोलणं आतूनच येतं, वेळ झाली की येतं. तू फक्त गप्प राहा.”

“मग तू शाळेत पगार कशाचा घेतोस?”

मी पोरीला शिकवून बिघडवू नये म्हणून पहारा करायला तो माझ्याबरोबर निघालाच.

टांग्यातून दोन्ही बाजूंची खाचरं (बांध घातलेली भातशेतं) पाण्यानं काठोकाठ भरलेली दिसत होती. डोंगरावरून इतके धबधबे उतरत होते की मी ते मोजायला घेतले आणि अकराव्यावर दादाशी भांडण झालं म्हणून सोडून दिले. तेवढ्यात मुंबईकडून आलेली एक मोटार चिखल उडवत गेली. दादाचं धोतर गुडघ्यापर्यंत तांबडं झालं. मी हसले, टांगेवाला हसला, शेवटी दादाही हसला.

यमुनाच्या सासूबाई पडवीत बसल्या होत्या आणि त्यांच्या मांडीवर गोल डोळ्यांची ठकी. तिनं शिंक्याकडे नुसतं पाहिलं तर आजीनं उठून गूळ काढून दिला.

“बाई, तुमी शिकल्याली मानसं,” म्हातारी म्हणाली, “पर ह्याला राघूचा उष्टा पेरू लागतो.”

पोपटानं चोच मारलेला पेरू भरवला की मूल बोलतं, असा इथला पक्का समज. एरवी राघू हाकलायला सगळं घर धावायचं, पण यंदा परसातल्या झाडाखाली म्हातारीनं गोफण बंद केली होती. तर ते पाजी नेमके शेजारच्याच झाडावर बसत. चार दिवस वाट पाहिल्यावर त्या सकाळी एक पेरू मिळाला होता आणि तो पितळीत झाकून ठेवला होता. दादानं झाकण उचललं, पाहुण्यांसाठीच ठेवलाय असं समजून तो बियांसकट खाल्ला आणि वर ‘गोड आहे’ म्हणाला.

“अगं बया! मास्तर, त्यो पोरीचा व्हता! आता तुमीच बोलत सुटाल!”

आणि दादा खरोखरच दिवेलागणीपर्यंत बोलत होता.

जेवायला आंबेमोहोराचा वाफाळता भात, टाकळ्याची (पावसाळी रानभाजी) भाजी आणि तांदळाची भाकरी होती. मी ठकीसमोर भाकरी धरून बसले. “भाकरी. भाकरी. भाकरी.” साठेक वेळा झालं असेल. ठकी माझ्या तोंडाकडे मोठ्या काळजीनं पाहत होती. मग ती उठली आणि आपल्या ताटलीतली अर्धी भाकरी आणून तिनं माझ्या हातावर ठेवली. बिचारीला वाटलं, बाई उपाशी आहे! आम्ही पोट धरधरून हसलो. यमुनाही हसली, पण लगेच चुलीकडे तोंड करून बसली. तेव्हा मला स्वतःचीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी आवणी (भाताची लावणी) होती. निघताना सासूबाईंनी ठकीला दुसऱ्या एका उष्ट्या पेरूची फोड भरवली; या वेळी पेरू त्यांनी पदरात बांधून ठेवला होता. यमुना खाचराच्या पार दुसऱ्या टोकाला, आमच्याकडे पाठ करून, बायांबरोबर वाकून रोपं लावत होती. बांधावर दादा आणि ठकी. मी काही हार मानली नव्हती. पदर खोचून चिखलात उतरले, रोपांची एक मूठ उंच धरली आणि “रोप! रोप!” म्हणत ठकीकडे निघाले. तिसऱ्या पावलाला पाय सटकला आणि मी छत्रीसकट बसकण मारली. चष्मा गेला. दादा हसून हसून बांधावरच लोळायला लागला.

ठकीनं माझ्याकडे पाहिलं. दादाकडे पाहिलं. मग दूरवर वाकलेल्या आईकडे पाहिलं, आणि ती बांधावरून धावत सुटली. यमुनाचं लुगडं ओढून ती ओरडली,

“पल्ली!”

यमुनानं मान वर केली. तिच्या हातातली रोपं गळाली.

“कोन पडली?” तिनं अगदी हळू विचारलं.

“बाई!” ठकीनं माझ्याकडे बोट दाखवलं. “बाई पल्ली!”

यमुना तिथंच चिखलात बसली आणि पोरीला पोटाशी धरून हसू लागली, रडू लागली. बायांचं गाणं थांबलं. एकीनं रस्त्यावरल्या माणसांना ओरडून सांगितलं, “ठकी बोलली वो!” मला पुन्हा पडावं लागलं. ठकीचा हुकूमच होता. मी तीनदा पडले आणि इतकी झकास पडले की आयुष्यात कुठलं काम मी इतक्या मनापासून केलेलं नाही.

घरी मग एकच गलका. “पेरू लागू पडला!” म्हातारी म्हणाली. “वेळ झाली म्हणून बोलली!” दादा म्हणाला. मीही काल रात्रीच्या भाकरीचं श्रेय मागून पाहिलं, पण कुणी दिलं नाही. यमुना तेवढी ठकीचे चिखलाचे पाय धूत होती.

“बाई, घरात तिला सांगाया काय उरतच न्हाई,” ती म्हणाली. “तिनं बघितलं की सासूबाई देत्यात. समद्यांना समदं ठावं. आज मला ठावं नव्हतं, तवा तिला सांगावं लागलं.”

चौथीपर्यंत शिकलेल्या माझ्या विद्यार्थिनीनं आमचं दोघांचं शिक्षण तांदळाच्या कण्यांसारखं पाखडून बाजूला केलं होतं.

मळवलीच्या स्टेशनापर्यंत यमुना ठकीला कडेवर घेऊन पोचवायला आली. दादा लोणावळ्याच्या गाडीची वाट पाहत बाकावर बसला. इतकी वर्षं मी पोरींना ‘माझ्यामागून म्हणा’ असं सांगत आले. ‘तुला काय सांगायचंय?’ असं किती जणींना विचारलं, ते आठवेना. पुण्याची गाडी आली, मी चढले, शिट्टी झाली. गाडी हलली तशी ठकीनं आईची हनुवटी धरून तिचं तोंड माझ्याकडे वळवलं.

“गेली,” ती म्हणाली.

यमुना मला जाताना चांगली पाहत होती. तरी तिनं डोळे मोठे केले आणि विचारलं, “व्हय? कोन गेली गं?”