गोठलेल्या द्राक्षांची बाटली

ती बाटली मी संपवली. खानसाम्याने नाही. एवढे दोन शब्द मी त्याच दिवशी बोललो असतो तर या वयात हे लिहीत बसण्याची वेळ आली नसती.

देश स्वतंत्र होऊन आठ-नऊ वर्षे झाली होती. मी चोवीस वर्षांचा होतो आणि नवेगाव बांधच्या तलावाकाठी, गावापासून बऱ्याच अंतरावर, एका सरकारी बंगल्यावर कारकून म्हणून राहत होतो. पाहुण्यांची नोंद ठेवायची, चादरी आणि कंदील मोजून घ्यायचे, साहेबलोक आले तर त्यांचे इंग्रजी नोकरांना मराठीत सांगायचे, एवढेच काम. गोंदियाला मॅट्रिक झालो होतो, तेवढ्या इंग्रजीवर ही जागा मिळाली होती.

घर आमचे नागऱ्याला. धानाची शेती. वडिलांच्या गळ्यात तुळशीची माळ होती आणि घरात दारूचे नावसुद्धा कोणी काढत नसे. माझे लग्न होऊन दीड वर्ष झाले होते, पण बायको तलावाकाठी राहायला तयार नव्हती. एकदा आली, चार दिवस राहिली, रात्रभर कोल्हे ओरडतात म्हणाली आणि माहेरी गेली ती गेलीच. पत्र टाकले तर महिन्याने उत्तर येई, त्यात तिच्या वडिलांच्या तब्येतीखेरीज काही नसे.

बंगल्यावर आठ-आठ दिवस नवीन माणूस दिसत नसे. हिवाळ्यात तलावावर बदके उतरत, हजारोंनी, आणि त्यांचा गलका ऐकून जवळच कुठे बाजार भरला आहे असे वाटे. काही कारण नसताना मी रिकाम्या खोल्यांची कुलुपे उघडून आत पाहत असे आणि पुन्हा लावत असे. स्वतःशी मोठ्याने बोलण्याची सवय मला तिथेच लागली. ती अजून आहे.

सोबतीला एकच माणूस, खानसामा. चिचगडचा गोंड, पन्नाशीचा. मी त्याला मामाजी म्हणत असे, तो मला बाबू. दोन वर्षांपूर्वी त्याची बायको तापाने गेली होती. एक मुलगी होती, तिला त्याने गावी भावाकडे ठेवले होते आणि तिचे लग्न जुळत आले होते. बायको गेली त्या दिवसापासून त्याने मोहाची दारू तोंडाला लावली नव्हती. यावर गावातले लोक त्याची थट्टा करत. मासे घेऊन येणारा ढिवर तर दर वेळी म्हणे, "मोहाच्या झाडाखाली जन्मला अन् पेत नाही, म्हणजे हा बुढा घरात लपवून पेऊन राहिला." मामाजी मासे उलटेपालटे करून पाहत आणि म्हणत, "तुह्या मासोळीपेक्षा ताजी हाय माही गोष्ट." मामाजी पीत नाहीत हे थट्टा करणाऱ्यांना खरे वाटत नव्हते. मला खरे माहीत होते.

त्या वर्षी पौषात एक गोरा इंजिनिअर तलावाचे पाणी मोजायला आला. उंच, पांढऱ्या मिशांचा, साठीच्या पुढचा. इंग्रज नव्हता. त्याचे इंग्रजी माझ्याइतकेच मोडके होते, म्हणून आमचे चांगले जमले. संध्याकाळी तो ओसरीवर खुर्ची टाकून बसे आणि मलाही बसायला सांगे. सरकारी बंगल्यावर मला कोणी बसायला सांगितल्याची ती पहिलीच वेळ होती.

त्याच्या पेटीत लोकरी मोज्यांत गुंडाळलेली एक बाटली होती. लांब मानेची, बारीक, नेहमीच्या बाटलीच्या निम्मी. नाताळच्या दिवशी त्याने ती बाहेर काढली. मामाजींनी ओल्या गोणपाटात गुंडाळून ती दिवसभर माठाशेजारी सावलीत ठेवली. संध्याकाळी इंजिनिअरने मला सांगितले की ही द्राक्षांची वाइन आहे, पण साध्या द्राक्षांची नाही. त्याच्या मुलखात काही मळ्यांत द्राक्षे पिकली तरी तोडत नाहीत. वेलीवरच ठेवतात, कडाक्याची थंडी पडेपर्यंत. मग एखाद्या पहाटे द्राक्षे गोट्यांसारखी टणक गोठतात, तेव्हा सूर्य उगवायच्या आत सगळे गाव हातमोजे घालून तोडायला जाते आणि तशीच गोठलेली द्राक्षे पिळतात. पाण्याचा बर्फ मागे राहतो आणि नुसती गोडी थेंबथेंब बाहेर येते. कित्येक वर्षी तेवढी थंडी पडतच नाही, मग द्राक्षे सडतात किंवा पाखरे खातात.

द्राक्षे मी तोवर दोनदाच पाहिली होती, लाकडाच्या गोल डबीत कापसावर ठेवलेली, तीही आजाऱ्यासाठी आणलेली. मी हे सगळे मामाजींना मराठीत सांगितले. ते म्हणाले, "इकडे थंडी जास्त पडली का तूर जळते बाबू, अन् तिकडे त्याची दारू होते. चांगला मुलूख हाय." मी ते इंग्रजीत सांगितले तेव्हा म्हातारा खुर्चीत मागे रेलून हसला.

त्याने तीन लहान पेले भरले. मामाजींनी हात जोडले आणि मागे सरकले. मीही हात जोडायला हवे होते. पण म्हातारा पेला पुढे करून थांबला होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरून कळत होते की त्याला आज एकट्याने प्यायची नाही. मी घेतला.

ती चव मला अजून सांगता येत नाही, तरी सांगतो. रंग मधाचा. वास आधी पिकलेल्या चारोळीच्या फळांचा आला, मग पहाटे झाडाखाली पडलेल्या मोहफुलांचा. जिभेवर ती पाण्यासारखी पसरली नाही, काकवीसारखी बसली. आणि ही गोडी आता नकोशी होईल असे वाटते तोच जिभेच्या दोन्ही कडांना आंबट लागले, आणि पुन्हा घोट घ्यावासा वाटला. घसा जळला नाही. डोके फिरले नाही. मी ज्या दारूच्या नावाने लहानपणापासून घाबरत आलो ती ही नव्हेच, अशी मी स्वतःची समजूत घातली. तिसरा पेलाही म्हाताऱ्याने आणि मी निम्मा निम्मा केला.

दोन दिवसांनी तो देवरीकडचे नाले पाहायला गेला, बारा दिवसांसाठी. जाताना बूच घट्ट बसवून त्याने बाटली माझ्या हाती दिली. निम्म्याहून जास्त शिल्लक होती. परत आल्यावर शेवटच्या दिवशी संपवू, म्हणाला. मी ती कोठीत ठेवली. कोठीची किल्ली माझ्या खोलीत खिळ्याला असे. मामाजी सकाळी नेत, स्वयंपाक आटोपला की आणून लावत.

पहिले तीन दिवस मी गेलो नाही. चौथ्या दिवशी टपालवाला आला आणि माझे काही नव्हते. त्या दिवशी दिवेलागणीला मी पितळी वाटीत चमचाभर ओतून घेतली आणि पायरीवर बसून जिभेच्या टोकाने घेत राहिलो. चमचाभर वाइन मला अर्धा तास पुरली. बदकांचा गलका हळूहळू थांबला, पाण्याचा रंग गेला, आणि त्या अर्ध्या तासात मला कोणाची आठवण आली नाही. दुसऱ्या दिवशी दोन चमचे. मग मी दुपारपासूनच संध्याकाळची वाट पाहू लागलो. नोकरी लागल्यापासून वाट पाहावी असे काही माझ्याजवळ नव्हते. हे मी कारण म्हणून सांगत नाही, जसे होते तसे सांगतो.

आठव्या दिवशी मामाजी माझ्या दाराशी आले. त्यांच्या बायकोची तिथी होती. त्यांच्यात आधी मातीला द्यायचे असते. प्यायच्या आधी दोन थेंब जमिनीवर, गेलेल्या माणसाच्या नावाने. ते स्वतः पीत नसत, पण तिचे देणे त्यांनी चुकवले नव्हते. मागच्या वर्षी मोहाची आणली होती. या वर्षी त्यांच्या मनात आले होते की साहेबाच्या बाटलीतली दोन बोटे मागावी.

"तिनं जलमात द्राक्ष खाल्लं नाही," ते म्हणाले. "घेऊ का बाबू? साहेब आल्यावर मी सांगतो त्याले."

मी घ्या म्हणालो. लगेच म्हणालो. बाटली तोवर बरीच उतरली होती, आणि आता तिला आणखी एक हात लागणार याचे मला बरे वाटले. हे त्या क्षणी माझ्या ध्यानात आले होते. नंतर सुचलेले नाही. त्यांनी पळसाच्या द्रोणात जेमतेम दोन बोटे घेतली, मागच्या आवारात गेले, उकिडवे बसून मातीत सोडली आणि बराच वेळ तिथेच बसून राहिले. बाटली किती उतरली आहे हे त्यांनी पाहिले असणारच. मला काही विचारले नाही.

उरलेली मी पुढच्या तीन संध्याकाळी संपवली. शेवटी तळाशी बोटभर ठेवली, म्हणजे काही तरी उरले म्हणता येईल.

म्हातारा परत आला तेव्हा आमच्या खात्याचे एक वरिष्ठही मुक्कामाला आले होते. ते आत स्नान करत होते. म्हाताऱ्याने ओसरीवर बाटली उजेडात धरली, तळ पाहिला आणि रागावण्याऐवजी हसला. मला म्हणाला, विचार त्याला, कोणी घेतली.

मी विचारले. मामाजी चटकन म्हणाले, "मी घेतलो जी. दोन बोटं घेतलो, मातीत सोडलो, बायकोच्या नावानं. मी नाही पेलो. बाकीची कुठं गेली मले माहीत नाही, अन् साहेबाची माफी मागतो म्हणा."

मी परवानगी दिली होती हे त्यांनी सांगितले नाही. मला बोलणी बसतील म्हणून ते गाळले, हे मला कळले.

मग मी म्हाताऱ्याकडे वळलो आणि इंग्रजीत म्हणालो, तो म्हणतो, मी घेतली.

तेवढेच. पहिले वाक्य सांगितले, पुढची सांगितली नाहीत. म्हाताऱ्याने विचारले, आवडली का त्याला? मी म्हणालो, हो, फार आवडली. म्हातारा खूश झाला. त्याने मामाजींच्या खांद्यावर थाप मारली. मामाजींना वाटले, त्यांचे सगळे बोलणे साहेबाला पोचले आणि साहेबाने माफ केले.

जेवताना म्हाताऱ्याने ही गंमत म्हणून वरिष्ठांना सांगितली. त्याला काही वाईट करायचे नव्हते. वरिष्ठ हसले नाहीत. परदेशी पाहुण्यासमोर आपल्या बंगल्यावर चोरी निघाली, एवढेच त्यांना ऐकू आले. म्हातारा सकाळी जीपमधून गेल्यावर त्यांनी मामाजींना बोलावले आणि म्हणाले, "कल से मत आना." मामाजींनी माझ्याकडे पाहिले. मी चादरी मोजत होतो.

दुपारी ते किल्ली द्यायला माझ्या खोलीत आले. खिळ्याला किल्ली लावली आणि म्हणाले, "साहेबाले माही गोष्ट खरी नाही वाटली ना जी?"

"नाही वाटली," मी म्हणालो.

"गोऱ्या माणसाले आपलं मातीत सोडणं कसं समजन," असे म्हणून ते गेले. जाताना त्यांनी मला भात झाकून ठेवल्याचे सांगितले.

उन्हाळ्यात एका गाडीवानाकडून कळले की त्यांच्या मुलीचे जुळलेले लग्न चोरीच्या बोभाट्याने मोडले. मी बदली मागून गोंदियाला आलो. पुढे बायको आली, संसार झाला. तिला मी हे सांगितले नाही, वडिलांनाही नाही. चिचगड काही फार लांब नव्हते. बस सुरू झाली तेव्हाही गेलो नाही. बायको गेली, मुलगा नागपूरला राहायला गेला, आणि घरात पुन्हा स्वतःशी बोलण्याइतकी शांतता झाली, तेव्हा मी काय बोलतो ते मला ऐकू येऊ लागले.

या माघात गेलो. चिचगडला चहाच्या टपरीवर विचारले, तलावाच्या बंगल्यावर खानसामा होते त्यांचे घर कोणते? टपरीवाला तिशीचा असेल. म्हणाला, "बाटलीवाल्या बुढ्याचं का?" आणि हाताने गल्ली दाखवली. ज्याने मामाजींना पाहिलेही नव्हते, त्याला हे नाव माहीत होते.

मामाजी जाऊन बरीच वर्षे झाली होती. मुलगी भेटली. पंचाहत्तरीची असेल. अंगणात सुपात लाखोळीची डाळ पाखडत बसली होती. मी कोण ते सांगितले तेव्हा तिने खाट दाखवली. मी सगळे सांगितले. तिचे सूप थांबले नाही. सांगून झाल्यावर तिने विचारले, "बाबानं किती घेतली होती?"

"दोन बोटं."

"अन् बाकीची?"

"मी."

तिने खडे वेचून बाजूला टाकले. मग म्हणाली की लग्न मोडायला मुलाकडचे आले तेव्हा बाबा त्यांना एकच सांगत होते: बंगल्यावरच्या बाबूला विचारा, त्याने साहेबाला सगळे सांगितले आहे, तो खरे सांगेल. कोणी विचारायला गेले नाही. पुढे तिचे लग्न कुठेच झाले नाही. शेजारी पाहुणे आले होते म्हणावे तितक्या सहज तिने हे सांगितले.

मी म्हणालो, मी आताच टपरीवर जाऊन सांगतो. गावात ज्याला म्हणाल त्याला सांगतो.

"तोंडानं कायले सांगता जी," ती म्हणाली. "तोंडानं तर तुमी तवाही सांगतलं होतं. लिहून द्या."

घरी जाऊन नीट लिहून पाठवतो, असे मी म्हणालो. तिने सूप खाली ठेवले, आत गेली आणि चुलतभावाच्या नातवाची वही आणि पेन घेऊन आली. मी खाटेवर बसून लिहू लागलो. तिला वाचता येत नव्हते, म्हणून प्रत्येक ओळ झाली की ती मला मोठ्याने वाचायला लावत होती.