रश्शात फुटणारे गोळे

पहिला गोळा रश्शात सोडला तो फुटला. दुसराही फुटला. बाहेर यात्रेचे पावणे हात धुऊन पंगतीला बसत होते.

मी आळेफाट्याला हॉटेलात आचारी आहे. गावातल्या सखारामच्या घरी जागा पुरेना म्हणून त्यानं पंगत आमच्याकडं ठेवली होती. लेकीच्या सासरची माणसं पहिल्यांदाच यात्रेला आलेली, आणि त्यानं त्यांना खिम्याच्या गोळ्यांचा रस्सा कबूल केलेला.

मालक संपतभाऊ पातेल्यात डोकावला. "तात्या, ह्ये काय?"

"डोळं हायेत ना? दिसतंय की."

"मशीन कशाला आणलंय मग? त्यातनं काढा."

"मशीनचा खिमा म्हंजी कणीक. मी न्हाई हात लावायचो."

"मग सखारामला तुमीच सांगा, गोळं नाय म्हणून."

खिमा मी सत्तूरनं ठोकळ्यावर तोडतो. त्याचा दाणा सुटा राहतो, भाजीत दाताखाली येतो. मशीन मटण दाबून जाळीतून काढतं, ते चिकट होतं. भाजीत त्याचा लगदा होतो. खोडदच्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीवर कामाला असलेला एक साहेब सांगायचा, इंग्रजांचं मिन्समीट म्हणजे मनुकांचं गोड सारण, त्यात आता मटणच नसतं. म्हटलं, त्ये तुमीच खावा.

गोळे मात्र माझी बायको हौसा करायची. मी खिमा तोडून द्यायचो, ती तो पाट्यावर वाटायची. मटणाचा पाटा तिनं वेगळा ठेवलेला, पुरणाला तो चालायचा नाही. ती गेली आणि मी गोळे बंद केले. संपतभाऊनं न विचारता ऑर्डर घेतली, म्हणून ही पाळी.

फुटलेला गोळा बोटांनी चोळला. दाणा सुटा. अरे, वाटलेलाच नाही हा, तर धरणार कसा? आता पाट्यावर वाटायला वेळ नव्हता.

"संपत, मशीन लाव. लवकर."

"आत्ता कणीक म्हणत व्हता."

"कणीकच पायजे. लाव."

खिमा जाळीतून दोनदा काढला, मीठ घालून मळला. तळहाताला चिकटला, सुटेना. हौसाच्या हाताला असाच चिकटायचा. गोळा सोडला. बुडाला. आम्ही दोघं पातेल्यावर वाकलो. वर आला तो अख्खा.

"आला राव," संपतभाऊ म्हणाला.

"बघत काय बसलास? गोळं वळ."

सखारामच्या व्याह्यानं वाटी परत पुढं केली, तेव्हा सखाराम पहिल्यांदा जेवायला बसला.

तर भाजीला खिमा सत्तूरनं तोडलेला घ्या, गोळ्याला मशीनचा. घरी पाटा असेल तर पाट्यावरचा. आमचा अजून भिंतीला उभा आहे.