डाळमिलमधला योकोझुना

ट्रक दाराशी लागला होता, डाळीची पोती गोदामात तयार होती आणि आमचे सगळे हमाल कडुलिंबाखाली पाय पसरून बसले होते. मी तीनदा बाहेर जाऊन आले. तिन्ही वेळा एकच उत्तर.

"मुकादम उठल्याबिगर आमी उठत न्हाई, अक्का."

मुकादम म्हणजे हमालांच्या टोळीचा प्रमुख. आमचे मुकादम शिवप्पा. ते सगळ्यांपासून लांब, भिंतीकडे तोंड करून बसले होते.

सीमाभागात, राजेश्वरजवळच्या एका डाळमिलमध्ये मी मॅनेजर आहे. तूर घ्यायची, डाळ करायची, पोती भरून पाठवायची. त्या दिवशीचा ट्रक हैदराबादच्या एका नव्या व्यापाऱ्याची पहिली ऑर्डर होती. दुसऱ्या दिवशी बाजार उघडताना माल दारात पाहिजे, ही त्याची अट. संध्याकाळपर्यंत ट्रक सुटला नाही तर ऑर्डर गेली. माझं कॉन्ट्रॅक्ट दर वर्षी नवं होतं आणि नेमकं त्याच आठवड्यात व्हायचं होतं. मालक, म्हणजे आप्पा, म्हणाले होते, "हा माल नीट जाऊ द्या मॅडम, मग बसू बोलायला." त्यांचा भाचा एमबीए करून घरी बसला होता. बाकीचं मला समजत होतं.

भांडणाचं कारण ऑफिसच्या भिंतीवर होतं आणि ते मीच लावलं होतं. त्यासाठी आधी सुमोबद्दल थोडं सांगते.

मी सुमो बघते. एकदा मोबाइलवर चुकून लागलं, ते आजतागायत सुटलं नाही. वर्षातून सहा स्पर्धा, प्रत्येक पंधरा दिवसांची. जपानमध्ये संध्याकाळ व्हायला येते तेव्हा आपल्याकडे डबा खायची वेळ. म्हणजे माझ्या नोकरीच्या वेळा बघूनच कोणीतरी हा खेळ काढला असावा. नियम सोपे. गोलाबाहेर पाऊल पडलं, किंवा तळपाय सोडून अंगाचा कुठलाही भाग जमिनीला लागला, की हरला. हमाल सुरुवातीला माझ्या खिडकीतून बघायचे आणि वैतागायचे. जत्रेतल्या कुस्त्या बघितलेली माणसं ती. "पाठ लागली न्हाई, आन् हारला कसा?" हे मी निदान वर्षभर ऐकलं. मग तेही सवयीचे झाले. लांबलचक जपानी नावं त्यांना जमेनात, म्हणून त्यांनी आपली नावं ठेवली. एक कणगी, एक पोळ, एक तहसीलदार.

पण माझा खरा जीव बान्झुकेवर. बान्झुके म्हणजे पैलवानांच्या क्रमवारीचा तक्ता. तो दर स्पर्धेआधी निघतो आणि ब्रशने लिहिलेला असतो. सगळ्यात वरच्यांची नावं जाड, ठसठशीत. खाली खाली अक्षर बारीक होत जातं, तळाची नावं केसाएवढी. पंधरापैकी आठ कुस्त्या जिंकल्या की माणूस वर चढतो, आठ हरला की खाली येतो. वशिला नाही, वयाचा मान नाही. असा एक तक्ता मी तिकडच्या एका सुमोवेड्या बाईंकडून पोस्टाने मागवला आणि ऑफिसात लायसन्सशेजारी फ्रेम करून लावला. वजनमापवाले साहेब तपासणीला आले तेव्हा त्यांनी तो आधी वाचायचा प्रयत्न केला, मग मला विचारलं, "हे रिन्यू केलंय ना?" मी हो म्हणाले.

मला याद्या आवडतात. घरी फ्रिजवर आहेत, पर्समध्ये आहेत. तेव्हा आज ना उद्या हे होणारच होतं. मी हमालांचा बान्झुके काढला.

पद्धत साधी ठेवली. वेळेवर आला, पोतं फाडलं नाही, ठरलेली पोती वाहिली, की तो दिवस जिंकला. नाहीतर हरला. पंधरा दिवसांनी नवा तक्ता. मिलचा कॉम्प्युटर बघणाऱ्या इक्बालने मराठीत छान प्रिंट काढून दिली. मोठं अक्षर, मध्यम अक्षर, बारीक अक्षर. पहिले पंधरा दिवस मिल नुसती पळत होती. पोती फाटणं जवळजवळ थांबलं. मी खूश.

पण मुकादम पोती वाहत नाही. तो ट्रकमध्ये उभा राहून थप्पी सांगतो. थप्पी म्हणजे पोत्यांची रास. कुठलं पोतं आडवं, कुठलं उभं, वजन पुढच्या चाकावर किती, मागच्यावर किती, हे सगळं तो बघतो. माझ्या नियमाने शिवप्पांनी एकही दिवस जिंकला नव्हता. आदल्या संध्याकाळी नवा तक्ता लागला तेव्हा ते तळाशी होते. आणि सगळ्यात वर, बोटाएवढ्या अक्षरात, महादेव. त्यांचा जावई.

मी शिवप्पांसमोर जाऊन उभी राहिले.

"मुकादम, तो नुसता कागद आहे."

"मला मराठी वाचाया येत न्हाई, अक्का. मी कन्नड शाळंतला. पर जाडी कळती मला." त्यांनी मान वळवली नाही. "पोरगी दिलो त्याला. आता त्याच्या पायाखाली नाव बी देऊ व्हय?"

महादेव माझ्यामागे लागला. "अक्का, माझं नाव मुंगीएवढं लिवा. पाया पडतो. घरात चूल बंद हाय. बायको म्हणायलीय, ज्या कागदावर मोठा झालास, त्योच खा."

"तू जिंकलास रे, महादेव."

"कुणी सांगितलं होतं मला जिंकाया?"

इक्बाल दारातून म्हणाला, "मैं बोला था ना अक्का, सबका फॉन्ट एकच ठेवू."

मला ते पटलं नाही. एकाच फॉन्टचा बान्झुके म्हणजे हजेरीपट. मी हुमनाबादच्या दुसऱ्या टोळीला फोन लावला. तिकडच्या मुकादमाने आधी विचारलं, "शिवप्पाअण्णा कुटं हायत?" मी खरं ते सांगितलं. तो म्हणाला, "मग त्यांच्या दारात आमी पोतं कसं उचलावं?" आणि फोन ठेवला. आमच्याकडे हमालांत ही रीत आहे. एका टोळीचा मुकादम नको म्हणत असेल तर दुसरी टोळी तिथे हात लावत नाही. कुठे लिहिलेली नाही, पण मोडलेली मी कधी पाहिली नाही.

आप्पांचा फोन आला. "गाडी सुटली का?"

"भरती चालू होतेय."

"होतेय म्हणजे?"

"नेटवर्क जातंय आप्पा," असं म्हणून मी कट केला.

दुपार झाली. स्पर्धेचे दिवस होते. हाताला सवय असते, डबा उघडला की मोबाइल लागतो. आवाज ऐकून लिंबाखालचा एकजण उठून खिडकीशी आला. मग दुसरा. थोड्या वेळाने सगळी टोळी खिडकीत होती. संप कामाचा होता, सुमोचा नव्हता. शिवप्पासुद्धा भिंत सोडून मागे येऊन उभे राहिले, पण बघत नसल्यासारखे.

शेवटची कुस्ती योकोझुनाची. योकोझुना म्हणजे सगळ्यात वरचा दर्जा. हमालांच्या भाषेत तो तहसीलदार. त्या दिवशी त्याच्यासमोर खालच्या क्रमांकाचा एक तरणा पोरगा होता. दोघांची टक्कर झाली, पोरगा बाजूला सरकला आणि तहसीलदार आपल्याच जोराने तोंडावर आडवे. लोकांनी बसायच्या गाद्या उचलून आखाड्यावर फेकल्या. अशा वेळी तिथली ती रीतच आहे.

"गेलं तहसीलदार!" महादेव ओरडला. "आता ह्याचं बी नाव बारीक!" मग सासरे मागे उभे आहेत हे लक्षात येऊन त्याने जीभ चावली.

"नाही," मी म्हणाले. "योकोझुनाचं नाव बारीक होत नाही. बाकी सगळे वरखाली होतात. योकोझुनाला खाली आणता येत नाही."

मागून आवाज आला. "कामून?"

शिवप्पांनी सकाळपासून पहिल्यांदा स्वतःहून तोंड उघडलं होतं. मी डबा बाजूला ठेवला.

"तो मानच तसा आहे, मुकादम. एकदा मिळाला की मिळाला."

"हारला तरी?"

"हरला तरी."

"जावयाकडनं हारला तरी?"

"कोणाकडूनही."

ते थोडं पुढे आले. "मग मला त्ये करा."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. ट्रक दारात होता, तीन वाजत आले होते. पण अर्धवट नियम सांगणं माझ्याकडून होत नाही.

"एक अट आहे. काम जमेनासं झालं की त्याने आपणहून उतरायचं असतं."

इक्बालने कपाळावर हात मारला.

"आपणहून," शिवप्पा म्हणाले. "म्हणजे दुसऱ्यानं सांगायचं न्हाई?"

"नाही."

"मालकानं बी?"

"मालकानेही नाही."

शिवप्पांनी खांद्यावरचा टॉवेल झटकला. "मग मी कशाला सांगतोय सवताला! लिवा."

इक्बालने नवी प्रिंट काढली. शिवप्पांचं नाव पानाच्या अर्ध्या भागात, वर मराठीत, खाली कन्नडमध्ये. उरलेल्या जागेत बाकीचे. महादेवच्या आग्रहावरून त्याचं नाव इतकं बारीक केलं की प्रिंटरनेच ते सोडून दिलं. महादेवने त्या कागदाचा फोटो काढून घरी पाठवला. पाच मिनिटांत उत्तर आलं, ते त्याने सगळ्यांना दाखवलं: "या जेवाया."

"जेवण नंतर," शिवप्पा गरजले. "आधी भरती!"

ते ट्रकमध्ये चढले आणि इतक्या वर्षांत मी कधी पाहिलं नव्हतं अशा जोरात थप्पी सांगू लागले. "आडवं! आडवं म्हणलो न्हवं! कणगीवानी काय उभा राहायलास, चल फुडं!" उजेड असतानाच ट्रक सुटला. सकाळी हैदराबादहून फोन आला, माल पोचला, थप्पी जराही हलली नव्हती, दुसरी ऑर्डर लिहून घ्या.

त्या आठवड्यात आप्पा मिलमध्ये आले. भिंतीसमोर बराच वेळ उभे राहिले.

"हे काय?"

मी सांगितलं.

"म्हणजे शिवप्पाला आता कोणी काढू शकत नाही?"

"तसा नियम आहे, आप्पा."

"कोणाचा?"

"जपानचा."

त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला. "माझी मिल, मॅडम. माझ्या मिलमध्ये कायमची पोस्ट मी आजवर कोणाला दिली नाही. तुम्हालाही नाही."

"हो, आप्पा."

"आता तो कागद काढला तर?"

आम्ही दोघांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. शिवप्पा ट्रकवर उभे होते, खालून महादेव पोतं देत होता आणि ते त्याला शिव्या घालत होते. पोती फाटत नव्हती. आप्पांनी कागद काढला नाही. माझं कॉन्ट्रॅक्ट एक वर्षासाठी नवं केलं, पगारही थोडा वाढवला. जाताना म्हणाले, "यंदा कोणाला नवी पदवी द्यायची असली तर आधी मला विचारा."

हमालांचा बान्झुके आता बंद आहे. माणसांना क्रमांक द्यायचा असेल तर त्यांची एकमेकांशी नाती काय आहेत ते आधी विचारून घ्यावं, आणि जो नियम दुसऱ्या देशातून आणायचा तो पूर्ण वाचून आणावा. शिवप्पांचं नाव मात्र भिंतीवर आहे. गेल्या महिन्यात त्यांचा गुडघा दुखत होता, तेव्हा मी फक्त विचारलं, "कसं वाटतंय मुकादम, जमतंय ना?"

ते म्हणाले, "अक्का, तुमी इचारायचं न्हाई. नियम हाय."