खेचता न येणारं पिस्तूल

पिस्तूल घ्यायला आलेला माणूस दोनच गोष्टी विचारतो. स्वस्तातलं कुठलं, आणि कपड्यांत लपेल का? बाकीचं मला विचारावं लागतं. पाइन ब्रँच या डोंगरातल्या खाणगावात बर्लचं दुकान आहे. पुढे खिळे, कोंबड्यांचं खाद्य, मासे धरायचे गळ आणि मागच्या काचेच्या कपाटात पिस्तुलं. त्या कपाटामागे मी एकवीस वर्षं उभा आहे. या काळात माझे गुडघे गेले, बायको गेली, कपाट मात्र होतं तिथेच आहे.

माझा एक नियम होता. गिऱ्हाइकाच्या हातात रिकामं पिस्तूल द्यायचं आणि म्हणायचं, "खेचा." पिस्तुलाच्या वरच्या भागाला आम्ही स्लाइड म्हणतो. ती मागे खेचून सोडल्याशिवाय पहिली गोळी नळीत जात नाही, आणि नळीत गोळी नसेल तर चाप कितीही ओढा, नुसता टक्क आवाज होतो. लोकांना वाटतं लहान पिस्तूल म्हणजे सोपं पिस्तूल. तसं नसतं. जितकं लहान, तितकी आतली स्प्रिंग ताठ. चांगले दांडगे खाणकामगारसुद्धा खिशातलं पिस्तूल खेचताना तोंड वाकडं करतात. ज्याला खेचता येत नाही त्याला मी विकत नसे, मग बर्ल कितीही डोळे वटारो. हा नियम मी एकदाच मोडला, मिस ओलीटा रॅटलिफसाठी. लग्न झालेल्या बाईलाही इथे आदरानं मिसच म्हणतात.

आमच्याकडे चाळिशीच्या आतला जो कोणी शाळेत गेलाय, तो मिस ओलीटांच्या हातचं जेवून मोठा झालाय. शाळेच्या स्वयंपाकघरात त्यांनी अठ्ठावीस वर्षं काढली. ज्याच्या घरी चूल पेटलेली नसायची, त्याच्या ताटात त्या न विचारता दुसरा पाव टाकायच्या आणि पुढच्याला ओरडायच्या, "सरक रे पुढं, काय बघतोस!" पीठ मळून मळून बोटांचे सांधे सुजले, वाकडे झाले. नवरा खाणीतल्या धुळीनं छातीचा भाता होऊन गेला. मुलगा एकच, डेन्व्हर. तोही खाणीत गेला, पाठ मोडून घेतली, आणि पाठीसाठी डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या पाठ बरी झाल्यावरही सुटल्या नाहीत. आमच्या डोंगरात ही गोष्ट घरटी एक आहे, म्हणून फार सांगत बसत नाही. त्यानं आईचा मिक्सर विकला, बापाचं घड्याळ विकलं, शेवटी चर्चच्या एसीतल्या तांब्याच्या नळ्या कापून विकल्या. तेव्हा शेरीफनं त्याला आत घातलं.

ऑक्टोबरात एका सकाळी आर्विल मिस ओलीटांना दुकानात घेऊन आला. आर्विल हा त्यांचा मोठा भाऊ. एकाहत्तर वर्षांचा, सरळ, तापट आणि बहिणीवर जीव टाकणारा.

"हॉबर्ट, हिच्या पर्समध्ये बसेल असं काहीतरी दाखव," तो म्हणाला. "आणि परवडेल असं. डेन्व्हर तीन आठवड्यांनी सुटतोय."

"माझा मुलगा आहे तो, आर्विल," मिस ओलीटा म्हणाल्या. "अस्वल नाही."

"अस्वल बरं. ते हात पिरगाळून पेन्शन नाही मागत. पुन्हा त्याची गाडी तुझ्या दारात दिसली ना ओली, तर मी रायफल घेऊन येणार. मग मला बोल लावू नकोस."

"तू येऊच नकोस."

"येणार! नाहीतर हे घे, जवळ ठेव. तुझ्याजवळ काहीतरी आहे एवढं मला कळलं तर मी घरात गप्प बसेन. शब्द देतो."

आर्विल शब्द पाळणारा माणूस. रायफल आणणार म्हणाला म्हणजे आणणार. मिस ओलीटांनी ओठ घट्ट मिटले आणि काचेवर वाकल्या.

मी तीन काढली. पहिलं पाच गोळ्यांचं जुनं रिव्हॉल्व्हर. त्यात खेचायची भानगड नसते, नुसता चाप ओढायचा. त्यांनी ते हातात घेतलं न घेतलं तोच ठेवून दिलं. "जड आहे," म्हणाल्या. शाळेत पन्नास जणांच्या सूपचं पातेलं उचलणारी बाई! दुसरं नऊ मिलिमीटरचं, तळहाताएवढं, दुकानातलं सगळ्यात स्वस्त, दोनशे एकोणतीस डॉलर. मी म्हणालो, "खेचा." त्यांनी खेचलं. बोटं निसटली. पुन्हा खेचलं, पुन्हा निसटली. तिसऱ्यांदा सगळं अंग लावलं, तरी स्लाइड जागची हलली नाही. मला वाटलं आता त्यांना रडू येईल. पण त्यांचा चेहरा उलट मोकळा झाला.

तिसरं मुद्दाम म्हाताऱ्या हातांसाठी बनवलेलं, मऊ स्प्रिंगचं. ते त्यांनी दोन बोटांनी अलगद खेचलं, आणि तवा चटका देतो तसं झटकन काचेवर टाकलं.

"हे घ्या, मिस ओलीटा. तुमच्यासाठीच केलंय जणू."

"महाग आहे."

"शंभर डॉलरनं काय होतंय?" आर्विल म्हणाला. "मी घालतो वरचे."

"नको. माझ्या पेन्शनीत बसेल तेवढंच घेईन. ते छोटं द्या."

"पण तुम्हाला ते खेचता येत नाही."

"सवय करीन."

आर्विल चिडून गळ बघायला पुढे निघून गेला. तो लांब गेल्याची खात्री करून मिस ओलीटा हळू आवाजात म्हणाल्या, "हॉबर्ट, तुमचा नियम मला ठाऊक आहे. तरी मला तेच द्या. मला न खेचता येणारंच हवंय."

मी पुढे गळांपाशी उभ्या आर्विलकडे बघितलं.

"पर्समध्ये पिस्तूल बघून आर्विलचा जीव शांत होईल, रायफल भिंतीवर राहील. आणि माझ्या हातून काही वाईट होणार नाही. मला साधी लोणच्याची बरणी उघडत नाही हो. घरात बरण्या कोण उघडायचं माहितीय? डेन्व्हर. सहा वर्षांचा होता तेव्हापासून. अजूनही, कितीही तारेत असला तरी माझ्या हातातली बरणी आधी घेतो."

"आर्विलला सांगू?"

"अजिबात नाही. शब्द द्या."

दिला. खरं सांगू? मला तेव्हा कौतुकच वाटलं त्यांचं. एका दगडासारख्या निर्जीव वस्तूनं दोन तापट पुरुषांना लांब ठेवायचं. पावती फाडताना मी मनातल्या मनात हसलोसुद्धा. आज त्या हसण्याची लाज वाटते.

डेन्व्हर सुटला. आईकडे आला, दारात उभा राहून चहूकडे बघत म्हणाला, "मामा आहे का लपून कुठं?" जेवला. राजमा आणि मक्याचा पाव. पन्हळ दुरुस्त केली, अकरा बरण्या उघडून परत सैल बंद करून ठेवल्या, म्हणजे आईला त्रास नको. हे मिस ओलीटांनीच मला चर्चच्या पायऱ्यांवर सांगितलं, बोटांवर मोजून. तीन-चार आठवडे बरे गेले. मग तो पुन्हा जुन्या मित्रांत दिसायला लागला.

एका गुरुवारी आर्विल दुकानात आला. "काय रे हॉबर्ट, ओलीला ते पिस्तूल अजूनही खेचता येत नाही. विकलंस कसं? म्हातारा झालास का?"

मी काहीतरी पुटपुटलो.

"असू दे, मी केलंय काम," तो म्हणाला. "परवा जेवायला गेलो होतो. ती आत ओव्हनपाशी होती तेव्हा पर्समधून काढलं, खेचलं, नळीत एक भरून जागच्या जागी ठेवलं. आता तिला नुसता चाप ओढायचाय. तिला बोललो नाही. उगाच धास्तावेल. नळीत एक नसेल तर ते पिस्तूल कसलं, पेपरवेट!"

हे पेपरवेटचं वाक्य आमच्या डोंगरात सगळेच म्हणतात. पण आर्विलनं ते माझ्याच तोंडून, त्याच काउंटरवर, वर्षानुवर्षं ऐकलेलं.

तिथल्या तिथे सांगायला हवं होतं की अरे, तिनं ते मुद्दाम तसलं घेतलंय. पण शब्द दिलेला. मग वाटलं, आर्विलला नको, मिस ओलीटांनाच सांगू. फोन उचलला आणि ठेवला. त्यांच्या शेजारणीचा कान सतत इकडेच लागलेला असतो, असल्या गोष्टी फोनवर बोलू नयेत, असं मी मनाला समजावलं. रविवारी चर्चमध्ये भेटतीलच. तीन दिवसांचा तर प्रश्न. गाडीनं गेलो असतो तर बारा मिनिटं लागली असती. दुकानात त्या दिवशी गिऱ्हाईकही नव्हतं.

शनिवारी सकाळी अकराला डेन्व्हर आईच्या स्वयंपाकघरात मेला.

शेरीफ आला, कागद झाले. पैसे मागायला आलेला, तुरुंगातून सुटलेला, पूर्वी हात पिरगाळलेला मुलगा. सरकारी वकिलानं खटला भरला नाही. लोकांनी रीतीप्रमाणे घरी भांडीच्या भांडी जेवण नेऊन दिलं आणि बाहेर पडल्यावर कुजबुजले. "पोटच्या पोरावर गोळी. छातीच लागते." कुणी धीराची म्हणे, कुणी दगडाच्या काळजाची. मिस ओलीटा कुणालाच काही बोलल्या नाहीत. शेरीफला एवढंच म्हणाल्या की पिस्तूल माझ्या हातात होतं.

आर्विल मात्र बोलायचा. आठवड्यातून दोनदा दुकानात यायचा, कपाटापाशी उभं राहून अनोळखी गिऱ्हाइकांना सांगायचा. "माझ्या बहिणीला खेचता येत नव्हतं. मी नळीत एक ठेवली म्हणून ती आज जिवंत आहे. विचारा हॉबर्टला." आणि डोळे पुसायचा. भाच्याला त्यानंच मासे धरायला शिकवलं होतं. लोक माझ्याकडे बघायचे. मी मान हलवायचो. दुसरं काय करणार?

मे महिन्यात चर्चचं वार्षिक जेवण होतं. झाडाखाली लांब टेबलं, कोंबडी, बटाट्याचं सॅलड, सात तऱ्हेचे केक. मिस ओलीटा माझ्यापाशी आल्या आणि काकडीच्या लोणच्याची बरणी पुढे केली. मी झाकण फिरवलं. आत हवा शिरल्याचा बारीक आवाज आला. आमच्याजवळ कोणी नव्हतं.

"आर्विल यायच्या आत डेन्व्हरनं जावं, एवढंच हवं होतं मला," त्या बरणीकडे बघत म्हणाल्या. "शेजारणीनं आर्विलला फोन केलेला, मला माहीत होतं. दिलेला शब्द विसरून तो रायफल घेऊन निघेल, हीच भीती. डेन्व्हर हलेना. म्हणून काढलं, नुसतं दाखवायला. तो हसला. म्हणाला, अगं आई, तुला बरणी उघडत नाही आणि हे काय घेऊन बसलीस? आण इकडं. आणि बरणी घेतो तसंच माझ्या हातातून घ्यायला लागला. माझं बोट चापात अडकलेलं."

मी झाकण टेबलावर ठेवलं. म्हणालो, "मला माहीत होतं, मिस ओलीटा. आर्विलनं गोळी भरली ते. गुरुवारीच कळलं होतं. रविवारी सांगणार होतो."

त्यांनी बराच वेळ माझ्याकडे बघितलं. शाळेत दुसरा पाव टाकायच्या आधी पोराकडे बघायच्या, तसंच. मला वाटलं, आता तोंडावर थुंकतील. थुंकल्या असत्या तर बरं झालं असतं.

"दिलेला शब्द अजून आहे ना?" त्या म्हणाल्या.

"कसला शब्द?"

"आर्विलला सांगायचं नाही. कधीच नाही. त्यानं मला वाचवलं असं वाटतंय त्याला, वाटू दे. खरं कळलं तर महिनाभर जगायचा नाही तो."

"पण लोक तुम्हाला म्हणतात की..."

"म्हणू दे. माझा एक गेलाय हॉबर्ट. दुसरा नको."

तेवढ्यात आर्विल ताट घेऊन आलाच. उघडी बरणी बघून रागावला. "हॉबर्टला कशाला त्रास देतेस, ओली? मला हाक मारायचीस. तुझ्या हातून होत नाही ते मीच करून देतो ना नेहमी?"

"हो रे," मिस ओलीटा म्हणाल्या, आणि वाकड्या बोटांनी बरणीतली सगळ्यात मोठी फोड काढून त्याच्या ताटात वाढली.