भोगीच्या पहाटेचा धूर

चेन्नईत मी एका संशोधन संस्थेत हवेतली धूळ मोजायचे. गच्चीवरच्या यंत्रातून लेसरचा हिरवा किरण आकाशात जाई. कणांवर आपटून परतलेल्या उजेडावरून धूळ किती आणि किती उंचीवर आहे, ते संगणकाच्या पडद्यावर उमटे. एरवी तो किरण दोऱ्याएवढा बारीक दिसायचा.

भोगीच्या पहाटे मी ड्यूटीवर होते. भोगीला जुनं जाळायच्या इथल्या रिवाजाप्रमाणे खाली गल्लोगल्ली जुन्या चटया, टायर पेटवले होते. उजाडायला आलं तसा किरण मनगटाएवढा जाड दिसायला लागला आणि थोडा वर जाऊन संपला. पडद्यावरची रेघ अगदी जमिनीलगत फुगली होती.

"यंत्र बिघडलंय का, सर?" मी विचारलं.

सरांनी सगळं तपासलं. "नाही. धूरच आहे. वारा नाही, त्यामुळे घरांच्या उंचीवर बसून राहिलाय."

आमच्या लेकीला दमा होता. मी घरून निघाले तेव्हा नवरा शोळिंगनल्लूरच्या कंपनीतून रात्रपाळी करून येऊन तिच्याशेजारी नुकताच आडवा झाला होता, आणि खिडक्या उघड्या होत्या. मी त्याला फोन लावला. रिंग वाजत राहिली, कोणी उचलेना.

रिक्षातून समोरचं काही दिसत नव्हतं. रिक्षावाला तोंडाला रुमाल बांधून खोकत होता. "सीक्रम, अण्णा," लवकर चला, एवढंच मी म्हणत राहिले. डोळ्यांसमोर ती फुगलेली रेघ आणि तिच्या मधोमध आमची खिडकी.

घराचं दार सताड उघडं. आत कोणी नाही. अंथरुणाखाली लेकीचा दम्याचा पंप पडलेला.

खालच्या मजल्यावरच्या मावशी, तंजावरकडच्या मराठी, धापा टाकत जिना चढून आल्या. "दवाखान्यात नेलंय. लेकरू बोलत होतं, भिऊ नको."

बोलत होतं, बोलत होतं, असं घोकतच मी दवाखान्यात पोचले.

तिच्या तोंडावर वाफेचा मास्क होता. प्रत्येक श्वासाला बरगड्यांमध्ये खळगे पडत होते. "घाईत फोन घरीच राहिला," नवरा म्हणाला. त्याच्या पायात चपलाही नव्हत्या. मी नुसती त्या बरगड्यांकडे बघत राहिले. हळूहळू खळगे भरत गेले. दुपारी तिनं इडली मागितली, तेव्हा मला रडू आलं.

पुढच्या भोगीला मी रजा काढली आणि तिला घेऊन मावशींबरोबर त्यांच्या गावी, तंजावरला गेले. हवा मोकळी होती. तरी पहाटे कुठूनसा धुराचा वास आला, आणि मी उठून तिच्या छातीला कान लावला.