पाटकऱ्याची उडायची पाळी

आमच्या उपसा सिंचन सहकारी संस्थेचा मी एकतीस वर्षं सचिव होतो. त्यातली शेवटची काही वर्षं तलावात पाणी नव्हतं, मोटारीत जीव नव्हता आणि कार्यालयात पंखा नव्हता. पण संस्था होती. संस्था असली की सभा घ्यावी लागते, इतिवृत्त लिहावं लागतं आणि शेवटी 'सर्वांचे आभार मानून सभा संपली' असं लिहून खाली सही ठोकावी लागते. ते वाक्य मी किती वेळा लिहिलं याला गणती नाही. आभार नक्की कुणाचे, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. माणूस सचिव झाला की असा होतो.

२०१४ च्या जानेवारीतल्या सभेला सतरा सभासद आले होते. त्यातले चौघे नुसते सावलीला बसले होते. मी 'आयत्या वेळचे विषय' पुकारले, तसा मागच्या रांगेतून रामहरी उठला. टोपी काढून म्हणाला, "मला उडायचं हाय."

"काय?" मी विचारलं.

"उडायचं हाय, आभाळात. लई न्हाई, एकदाच. सगळ्यात स्वस्तात कसं जमंल तेवढं सभेनं सांगावं."

लोक पोट धरून हसले. मी चिडलो. केजच्या तहसील कचेरीत टंचाईच्या अर्जांचा ढीग पडलेला, आणि ह्याला उडायचंय! मी विषय फेटाळला, आभार मानले आणि सभा संपवली. पण मला बाहेर गाठल्याशिवाय सोडील तर तो रामहरी कसला?

रामहरी संस्थेचा पाटकरी. पाटाला पाणी सोडायचं, ज्याची पाळी असेल त्याच्या रानाकडं वळवायचं, वेळ संपली की बांधातली मातीची दारं मोडून पुढच्याला द्यायचं, हे त्याचं काम. खांद्यावर फावडं आणि मनगटावर घड्याळ. ते घड्याळ तो रोज रेडिओच्या बातम्यांशी जुळवून घ्यायचा. पाट सहा किलोमीटरचा, तलावाच्या पंपघरापासून थेट म्हसोबाच्या माळाच्या पायथ्यापर्यंत. तिथं पाट संपतो, त्या जागेला सगळे टेल म्हणतात. टेलवरचं शेवटचं रान रामहरीचं होतं, आणि त्याच्या आधीचं माझं.

बाकी ठिकाणचे पाटकरी आधी आपलं रान भिजवतात, हे जगजाहीर आहे. आमचा हा शहाणा शेवटी घ्यायचा. मी एकदा विचारलं, "कशाला एवढं सोवळं?" तर म्हणाला, "मीच आधी घेतलं तर उद्या माझ्या घड्याळाला कोण इचारणार?" त्यामुळं व्हायचं असं, की पाणी टेलला पोचायच्या आत तलाव तळ गाठायचा. रामहरीचं रान वर्षानुवर्षं पडीक, आणि त्याची बायको वत्सलाबाई दुसऱ्यांच्या रानात खुरपायला.

एक गोष्ट इथंच सांगून टाकतो, नाहीतर पुढं सांगायचा धीर होणार नाही. २०१२ च्या डिसेंबरात तलावाची शेवटची पाळी सुटली. माझी नव्वद झाडांची मोसंबी. माझी वेळ संपली तेव्हा निम्मी बाग कोरडी होती आणि पाटाला पाणी करंगळीएवढं. पुढची पाळी रामहरीची. तो बांधावर बसला होता. त्यानं घड्याळाकडं पाहिलं, ते मनगटावरून काढलं आणि खिशात घातलं. "घड्याळ बंद पडलंय, सचिवसायेब. तुमचं होऊ द्या." घड्याळ बंद पडलेलं नव्हतं. मला ते माहीत होतं. तरी मी खाली मान घालून दारं धरत राहिलो. त्या ओलीवर आणि पुढं टँकरच्या पाण्यावर माझी बाग तगली. रामहरीचं रान त्याही वर्षी भिजलं नाही, आणि माझ्या तोंडून एक शब्द निघाला नाही.

तर सभेनंतर त्यानं मला बाहेर गाठलं. "तीस वर्षं पाट चाललो, सचिवसायेब, खाली मान घालून. अख्खा पाट एकदाबी दिसला न्हाई. आता लोक त्यो बुजवून नांगराय लागलेत. बुजायच्या आत एकदा वरनं बघायचा हाय."

मग सुरू झाला त्याचा तपास. कुठल्याशा जत्रेत हेलिकॉप्टरची फेरी मारून आणतात असं ऐकून तो तिकडं गेला आणि न बसताच परत आला. म्हणाला, "ते जत्रंवरच घिरट्या घालतंय. मला जत्रा न्हाई बघायची." विमान चालवायला शिकवणाऱ्या एका शाळेला त्यानं माझ्याकडून पत्र लिहून घेतलं. उत्तरात खर्चाचा आकडा आला, तो मी त्याला वाचून दाखवला. तो शांतपणे म्हणाला, "ह्या आकड्यात माझं रान, माझं घर आन मी, तिघंबी बसतोय."

शेवटी उत्तर गावातच सापडलं. शहादेव हवालदार नुकताच फौजेतून निवृत्त होऊन आला होता. फौजेत असताना तो पॅराग्लायडर शिकला होता, कापडाच्या पंखाखाली लटकून डोंगरावरून उडायचं ते. पुढं एक माणूस बांधून नेण्याचंही शिक्षण त्याचं झालं होतं. तो रामहरीला म्हणाला, "नाना, नवं नका घिऊ. दोन माणसांचं, जुनं पन तपासलेलं मिळतंय. दोन बोअरच्या खर्चात बसंल."

त्या वर्षी आमच्या शिवारात बोअर घेण्याची नुसती साथ आली होती आणि सगळे कोरडे जात होते. रामहरी पारावर जाऊन म्हणाला, "सहाशे फूट खाली जाऊन फुफाटाच निघतोय न्हवं? तेवढ्यात वर जाता येतंय. आन एकट्यानं कावून घ्यायचं? सामाईक इहीर अकरा घरांत चालती, पाळी लावून. मग ही छत्री कावून चालणार न्हाई?"

अकरा घरं तयार झाली. सगळ्यात शेवटी आत आलेलं घर माझं. कुणीतरी वही नीट ठेवायला हवी म्हणून मी आत आलो, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे मलाही उडायचं होतं. संस्थेच्या इतिवृत्तात मात्र मी हा विषय येऊ दिला नाही. वेगळी शंभर पानी वही आणली.

छत्रीचं बोचकं आम्ही मांजरसुंब्याला उतरवून घेतलं आणि धाब्यावर मांडीत घेऊन बसूनच भजी खाल्ली. गावात आल्यावर वत्सलाबाई हळदीकुंकवाचं ताट घेऊन पुढं आली. नव्या मोटारीला लावतात, मग हिला नको? शहादेव ओरडला, "काकू, कापडाला न्हाई!" मग बसायच्या पट्ट्याच्या बक्कलाला तिनं बोट टेकवलं.

उडायचं म्हसोबाच्या माळावरून, पण उतरायचं कुठं? शहादेवनं सगळं शिवार पालथं घातलं. तारा नकोत, बाभळी नकोत, पीक तर नकोच. अशी एकच जागा निघाली, टेलवरचं रामहरीचं रान. पाणी कधी पोचलंच नाही म्हणून ते मोकळं होतं. रामहरीनं आठ दिवस खपून त्यातले दगड वेचले आणि वाऱ्याची दिशा कळावी म्हणून वेळूला वत्सलाबाईच्या जुन्या लुगड्याची पट्टी बांधली.

पहिला उन्हाळा त्यानं घालवला, हे मी स्पष्ट सांगतो. ह्या बहाद्दरानं पाण्यासारख्याच वाऱ्याच्या पाळ्या लावल्या! पाच ते पाच-वीस अमका, पाच-वीस ते पाच-चाळीस तमका. तेवढ्यात वारा आला नाही की घड्याळ बघून म्हणायचा, "पाळी बुडाली, पुढचा." वारा यायचा सहाला, आणि तेव्हा पाळी असायची बाजाराला गेलेल्या माणसाची. तीन आठवड्यांत एकच जण उडाला. शहादेव भडकला. "नाना, वारा काय तुमच्या मोटारीचं बटन दाबल्यावर येतो का?" तेव्हा कुठं रामहरीनं घड्याळ काढलं, आणि पाळी वेळेवरून नाही तर फेरीवरून मोजायची असं ठरलं.

नियम दुसरा मात्र हलला नाही. नंबर पाटाच्या क्रमानं. पंपघराजवळचं घर पहिलं, टेल शेवटी. रामहरी अकरावा.

दुसऱ्या उन्हाळ्यात आमच्या अकरा घरांतली दगडाबाई ऊसतोडीवरून उशिरा परतली. तिची पाळी निघून गेली होती. रामहरीचा नंबर दोन दिवसांवर आला होता. तो म्हणाला, "ती सहा महिने कोयता चालवून आली, तिची पाळी बुडाली असं कसं म्हणू? माझी घे, बाय." दगडाबाई उडाली! नावावरून गावानं काय काय चेष्टा केली असेल ती तुम्हीच ओळखा. खाली उतरल्यावर पदर सावरत ती म्हणाली, "गाव केवढंसं हाय गं बाई! आन एवढ्याशात एवढी भांडणं?" दुसऱ्या दिवसापासून वारा पिसाळला आणि हंगाम संपला.

मीही त्याच उन्हाळ्यात उडालो. काय दिसलं म्हणून लोक विचारतात, तेव्हा मी डोंगर, गाव, देऊळ असं काहीबाही सांगतो. पाय उचलल्यापासून टेकेपर्यंत मी डोळे गच्च मिटले होते, हे आज पहिल्यांदा सांगतोय. खाली आलो तेव्हा लुगड्याच्या पट्टीखाली रामहरी उभा होता. आमच्यातला प्रत्येक जण उतरला, तेव्हा त्याला धरायला तोच तिथं होता.

२०१६ च्या मार्चमध्ये शहादेवनं कापड उन्हात पसरून इंच इंच तपासलं. मग माझ्याकडं आला. "सचिवसायेब, कापड थकलंय. ह्या महिन्यात उडता यील. त्याच्या पुढं मी कुणाला बसवणार न्हाई, आन मीबी बसणार न्हाई."

एका महिन्यात वाऱ्याच्या फेऱ्या मिळाल्या तर पाच-सहा. नव्या हंगामात नंबर पुन्हा पंपघरापासून सुरू व्हायचे, आणि त्या क्रमानं गेलो असतो तर टेल येण्याची आशाच नव्हती. शहादेव म्हणाला, "म्या नानाला म्हणलं, पयले तुमी बसा. ऐकत न्हाईत. नंबरानं म्हणत्यात."

रामहरी कुणाच्या शब्दानं हलणार नव्हता. मग हलणार कशानं? मी दोन दिवस विचार करत बसलो, आणि मला एक जुनं प्रशिक्षण आठवलं. पाणी वापर संस्थांच्या सचिवांना एकदा बोलावून सांगितलं होतं, की पाणी टेलपासून द्यायला सुरुवात करा, म्हणजे शेवटचा उपाशी राहत नाही. मी तेव्हा ते वहीत लिहून घेतलं होतं, आणि अर्थातच कधी अमलात आणलं नव्हतं.

मी छत्रीच्या घरांची सभा बोलावली. रामहरी रानात दगड वेचायला गेलेला असताना, मुद्दाम. ठराव मांडला, 'यंदा पाळी टेलकडून सुरू करावी.' दहाचे दहा हात वर गेले. दगडाबाईनं दोन्ही वर केले. वही घेऊन मी टेलवर गेलो.

रामहरीनं ओळीवर बोट ठेवून ठराव वाचला. "ह्ये कुणी घातलं?"

"सभेनं."

"एकमतानं?"

"एकमतानं. तू गैरहजर."

त्यानं ठराव पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचला. "मग ठराव मोडता येत न्हाई," तो म्हणाला आणि धोतराला हात पुसले.

चौथ्या दिवशी वारा जमला. लुगड्याच्या पट्टीखाली त्या दिवशी मी उभा होतो. शेजारी वत्सलाबाई तोंडावर पदर घेऊन बसली होती आणि दर मिनिटाला विचारत होती, "आले का, भावजी?" माळावरून छत्री उचलली गेली. त्या दिवशी वाऱ्यानं तिला खाली येऊच दिलं नाही. ती वर गेली, आणखी वर गेली, पार तलावाच्या बाजूला वळली. मी ह्या वेळी डोळे मिटले नाहीत.

अकरा मिनिटांनी ते दोघं रामहरीच्या रानात उतरले. मी पळत जाऊन त्याला धरलं.

"अख्खा दिसला," तो म्हणाला. "पंपघरापासनं हितवर. दोन जागी बुजवलाय, पन हाय. आन टेल लई लांब न्हाई हो, सचिवसायेब. वरनं बघितलं तर हे एवढंसं."

"आणखी काय दिसलं?"

"सगळं शिवार भुरकं. हिरवं एकच, तुमची मोसंबी. ती बघितली आन म्हणलं, आपलं पाणी हितं हाय. वाया न्हाई गेलं."

माझ्या तोंडून निघालं ते भलतंच. "त्या दिवशी तुझं घड्याळ चालू होतं, रामहरी."

"व्हय."

"मला माहीत होतं."

"तुमाला माहीत हाय, ह्ये मलाबी माहीत होतं."

तो माझ्यावर रागावलेला नव्हता. त्या दिवशीही नव्हता आणि मधल्या सव्वातीन वर्षांतही नव्हता. मी मात्र ती सगळी वर्षं त्याच्याशी नजर चुकवून बोलत आलो होतो. मी त्याचे दोन्ही हात धरले आणि म्हणालो, "माझी बाग तुझ्यामुळं उभी आहे." एवढं साधं वाक्य होतं. वत्सलाबाईनं पदर खाली केला आणि म्हणाली, "मग आता तरी चार मोसंब्या पाठवा की, भावजी!"

तिथंच बांधावर बसून मी वही उघडली. लिहिलं, 'पाळी पहिली. रामहरी पाटकरी. अकरा मिनिटं. उतरण्याची जागा टेल.' आणि खाली सवयीनं 'सर्वांचे आभार मानून' असं लिहायला घेतलं. मग 'सर्वांचे' खोडलं आणि तिथं त्याचं नाव घातलं.